गुबगुबीत गालांचं गणित

गोळी नको, पावडर नको, इंजेक्शन तर नकोच! मग मुलांचं वाढतं वजन आवरायचं कसं? जामखेडच्या वाड्या-वस्त्यांपासून चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांपर्यंत उत्तर जवळपास एकच मिळतं... आणि ते कुठल्याही मेडिकलच्या दुकानात विकत मिळत नाही.

'अगं, किती वाळलाय हा! खायला घालतेस की नाही?'

सातवीतला मुलगा, वजन पंचावन्न किलो, दोन जिने चढला की धापा टाकतो. आणि आजीचं हे वाक्य! आपल्याकडे गुबगुबीत मूल म्हणजे घराची शोभा. 'बाळसं धरलंय हो छान', 'खात्यापित्या घरचा दिसतो' ही पावती मिळाली की आई-बाबाही खूश. सुदृढ बालक स्पर्धेतलं ते टिपिकल गोबऱ्या गालांचं बाळ आपल्या डोक्यात इतकं फिट्ट बसलंय की ते बाळसं नेमकं कधी ओझं होतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे पुण्या-मुंबईचे चोचले. आमच्या नगरला कुठे आलंय हे? (२०२४ मध्ये जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात अजून नगरच येतं.) पण सावेडीतल्या कुठल्याही शाळेच्या गेटवर सुटायच्या वेळी पाच मिनिटं उभं राहा. एका हातात वेफर्सचं पाकीट, दुसऱ्या हातात कोल्ड्रिंक आणि मागे न्यायला आलेली स्कूटी. घर जेमतेम एक किलोमीटरवर!

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये देशात २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३.४ झालं. महाराष्ट्रात ते १.९ वरून ४.१ वर गेलं, म्हणजे सरळ दुप्पट. आणि याच महाराष्ट्रात त्याच सर्वेक्षणात पाचांखालची तीनातली एकापेक्षा जास्त मुलं कमी वजनाची निघाली! जगाचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केलं की शाळकरी आणि किशोरवयीन मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालंय, ९.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के.

बारीक दिसतो, पण...

आपल्या मुलांच्या बाबतीत एक मेख आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण गंमत बघा, आपली बाळं स्नायूंनी बारीक असली, तरी अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. 'बारीक तरी जाड' अशी ही भारतीय ठेवण. म्हणूनच काट्यावर 'नॉर्मल' दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह तुलनेने लवकर गाठतो.

म्हणून नुसता वजनकाटा बघून चालत नाही आणि मोठ्यांचा बीएमआय मुलांना लावूनही नाही. वर सांगितलेल्या सातवीतल्या मुलाची उंची १४८ सेंटीमीटर धरा. बीएमआय येतो २५. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये तुमचा २५ आला तर डॉक्टर म्हणतील, 'जरा जास्त आहे, सांभाळा.' बारा वर्षांच्या मुलाचा २५ आला तर तो थेट लठ्ठपणाच्या रेषेवर जातो! मुलांसाठी वयानुसार तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, ५ ते १८ वयाचे तक्ते २०१५ मध्ये सुधारून आले आणि ते कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे असतात. घरच्या घरी अंदाज घ्यायचाय? टेप घ्या. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली, तर तक्ता बघायची वेळ झाली समजा.

जामखेडचा फंडा

आता औषधाशिवाय वजनाचा प्रश्न कसा सोडवायचा, याचा एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेलाय. फक्त तो उलट्या टोकाचा होता.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. भाग दुष्काळी आणि मुलं हाडांचे सापळे. डॉक्टर म्हणून त्यांच्या लक्षात आलं की दवाखान्यात टॉनिक देऊन पोर दोन दिवस तरतरीत होतं, घरी गेलं की पुन्हा तेच. मग त्यांनी गावागावांतून एकेक बाई निवडायला लावली. बहुतेकजणी निरक्षर. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन घरोघर फिरायच्या. पोराचं वजन घे, आईशी बोल, चुलीवर काय शिजतंय ते बघ, पाणी कुठलं पितात ते विचार. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दारात! या कामासाठी १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज जगभरातले लोक हे 'जामखेड मॉडेल' शिकायला येतात.

त्यांना वजन वाढवायचं होतं, आपल्याला आवरायचंय. पण फंडा तोच. मुलाचं वजन हे एकट्या मुलाचं नसतंच. ते त्याच्या घराचं असतं. घरात काय आणलं जातं, कोण वाढतं, टीव्ही कधी बंद होतो, यावर ते ठरतं. आणि घर बदलायचं तर एकदाच 'डाएट चार्ट' हातात देऊन भागत नाही. कुणीतरी पुन्हा पुन्हा यावं, विचारावं लागतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात याचे चक्क तास मोजलेत. मूल आणि आई-बाबा यांना सोबत बसवून, तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास. दर भेटीला थोडं खाण्याबद्दल, थोडं खेळाबद्दल, थोडं मनाबद्दल. जामखेडची ती बाई हेच करत होती. तास कुणी मोजले नव्हते, एवढंच.

सोनाराने कान टोचले, चिन्यांनी दाबले!

मुलांचा लठ्ठपणा चीनमध्येही मोठा प्रश्न झालाय. तिथल्या २०२० च्या सरकारी अहवालात ६ ते १७ वयाची १९ टक्के मुलं जास्त वजनाची किंवा लठ्ठ निघाली. तिथे घराघरात पारंपरिक चिनी वैद्यक आहे आणि त्यात मुलांसाठी सुईशिवायचे, गोळीशिवायचे उपाय बरेच. त्यामुळे 'चायनीज थेरपीने वजन घटवा' अशा जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात. काय आहे हे प्रकरण?

चिनी वैद्यकाच्या मते मुलाची 'प्लीहा' मंदावली की खाल्लेलं नीट पचत नाही आणि अंगात 'ओल' आणि 'कफ' साठतो. (ही प्लीहा म्हणजे शरीरातला तो अवयव नव्हे, तर पचनाची एक कल्पना.) ओळखीचं वाटलं ना? आपला आयुर्वेदही मंद अग्नी, कफ आणि मेद असंच म्हणतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाची कारणं दिली आहेत. अति खाणं, गोड-स्निग्ध पदार्थ, व्यायाम नाही, दिवसा झोप आणि बीजातून आलेला स्वभाव. शेवटचं कारण तर आजची 'जेनेटिक्स'च म्हणा!

चिनी उपायांपैकी मुलांवर जास्त वापरले जातात ते दोन. एक, कानाचा दाब. बाहेरच्या कानावर ठरावीक जागी चिकटपट्टीने बारीक बी लावतात आणि दिवसातून काही वेळा, विशेषतः जेवणाआधी, ती दाबायची. दोन, 'तुईना' मालिश. पोटावर गोलाकार हात फिरवणं आणि पाठीच्या कण्यालगतची कातडी हलक्या चिमटीत धरत वर जाणं. आपल्या आजीच्या तेल-मालिशचीच लांबची बहीण!

उपयोग होतो का? चीनमध्ये यावर बरेच अभ्यास झालेत आणि त्यातल्या काहींत वजन थोडं कमी झालेलं दिसतंही. पण बहुतेक अभ्यास लहान, थोड्या महिन्यांचे आणि दर्जाने कच्चे. शिवाय त्यात सोबत आहार आणि व्यायामही असतो. मग कमाल बीची की बदललेल्या डब्याची, हे वेगळं काढणं अवघड. तर्काने बघितलं तर एक गोष्ट पटते. जेवणाआधी मिनिटभर थांबून कान दाबणारं मूल निदान ताटावर तुटून पडत नाही. आणि दर आठवड्याला बी बदलायला आई-बाबा सोबत येतात, वजन होतं, बोलणं होतं. म्हणजे पुन्हा जामखेडच! करून बघायचं तर जोड म्हणून करा, पर्याय म्हणून नको.

सुयांच्या बाबतीत मात्र माणूस पारखून घ्या. अ‍ॅक्युपंक्चरशी मराठी माणसाचा धागा जुना आहे. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर युद्धग्रस्त चीनला गेले, त्यात शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून १९५९ मध्ये ते कोलकात्यात सुरू केलं. आज महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि नोंदणी आहे. तेव्हा आधी नोंदणी विचारा, मग कान पुढे करा. कान सोनारानेच टोचावेत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको!

'हर्बल आहे, साइड इफेक्ट नाही'... खरंच?

कानाच्या बीने फार तर कातडी लाल होईल. खरा धोका आहे तो पुड्यांचा आणि काढ्यांचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका स्लिमिंग क्लिनिकने वजन घटवायला चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या. त्यात एका वनस्पतीऐवजी दुसरीच, विषारी अ‍ॅरिस्टोलोकिया मिसळली गेली. शंभरावर बायकांची किडनी खराब झाली आणि काहींना पुढे कॅन्सर झाला. एफेड्रा ही वजन घटवण्यासाठी गाजलेली चिनी वनस्पती. हृदयावरच्या परिणामांमुळे अमेरिकेने २००४ मध्ये सप्लिमेंटमधून तिला हद्दपार केलं. आणि सिब्युट्रामिन हे औषध भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण जगभरात 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये ते त्यानंतरही लपून सापडत राहिलंय.

मोठ्यांसाठीची वजन घटवण्याची नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यांची चर्चा रंगली. मोठ्या मुलांत, वजन फारच वाढलेलं असेल तर, औषध द्यायचं की नाही हा बालरोगतज्ज्ञांचा निर्णय. मावशीच्या मैत्रिणीचा नव्हे. आणि घर बदलल्याशिवाय तिथेही सुटका नाहीच.

आजी-आजोबांनाही वर्गात बसवा

चीनकडून शिकायचंच असेल तर सगळ्यात मोठा धडा कानात नाही, ग्वांगझू शहरातल्या शाळांत आहे. तिथे ४० प्राथमिक शाळांत पहिलीच्या दीड हजारावर मुलांवर एक वर्षाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. निम्म्या शाळांत जेवण सुधारलं, पीटीचा तास खरोखर घामाचा केला, शाळेबाहेर रोज तासभर खेळायला लावलं. आणि मुख्य म्हणजे पालकांसोबत आजी-आजोबांनाही कार्यशाळेत बोलावलं. कारण आपल्यासारखंच तिथेही आई-बाबा ऑफिसात आणि नातू आजीच्या ताब्यात. प्रेम म्हणजे आणखी एक वाढणं! वर्षअखेर या शाळांतल्या मुलांची वजनं बाकीच्या शाळांपेक्षा आटोक्यात राहिली. औषध शून्य.

आता आपल्या घरी या. आपला जिल्हा साखरेचा. सहकारी तत्त्वावरचा आशियातला पहिला साखर कारखाना १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केला, त्यावर इथली कितीतरी घरं उभी राहिली. साखरेशी वैर कसं धरणार? धरूही नका. फक्त मोजा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेतून दहा टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो पाचच. शाळकरी मुलासाठी पाच टक्के म्हणजे अंदाजे वीस-बावीस ग्रॅम. कोल्ड्रिंकमध्ये शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. तीनशेची एक बाटली संपली की दीड दिवसाचा कोटा संपला!

सरकारने नियम केलेत. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या कँटीनमधून जंक फूड हटवायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या गेटपासून ५० मीटरमध्ये असे पदार्थ विकायला मनाई केली. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. पण एकावन्नाव्या मीटरवरची गाडी कोण हटवणार? ती तुमच्या खिशातून चालते.

खाण्यासाठी एक सोप्पी युक्ती अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. लिओनार्ड एप्स्टाइन या मानसशास्त्रज्ञाने पदार्थांना सिग्नलचे रंग दिले. त्यांच्या अभ्यासाचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षण असं की, जिथे आई-बाबांनीही मुलासोबत स्वतःच्या सवयी बदलल्या, तिथे दहा वर्षांनीही मुलांचं वजन जास्त आटोक्यात होतं. एकट्या मुलाला पथ्यावर बसवलेल्या घरांत तसं झालं नाही. आपल्या घरचा सिग्नल असा लावता येईल:

हिरवा, हवं तेवढं: काकडी, गाजर, मुळा, पालेभाज्या, बिनसाखरेचं पातळ ताक.

पिवळा, भूक लागेल तेवढं: भाकरी, पोळी, वरण-भात, मटकीची उसळ, अंडं, दूध, फळं, शेंगदाणे मूठभर.

लाल, आठवड्यातून एकदा, तेही सगळ्यांनी मिळून: वेफर्स, क्रीमची बिस्किटं, खारी, वडापाव, नूडल्स, कोल्ड्रिंक. पाकिटातला 'फ्रूट' ज्यूसही इथेच!

डब्यात काय द्यायचं, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. त्यांच्या बियाणे बँकेत वाल, घेवडा, नाचणी, वरई असं आपल्या आज्ज्यांचंच सगळं सामान आहे. घेवड्याची भाजी आणि नाचणीची भाकरी मुलाला एकदम आवडणार नाही. नावडती भाजी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर ओळखीची होते. आपण दुसऱ्याच वेळी हार मानतो!

घाम येईपर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा आहे. चांगली धाप लागेल असा खेळ. चीन सरकारने तर २०२५ मध्ये शाळकरी मुलांसाठी रोज किमान दोन तासांचं लक्ष्य ठेवलं. आपल्याकडे? पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतला!

त्यासाठी महागड्या अ‍ॅकॅडमीची गरज नाही. लंगडी, खो-खो, कबड्डी, पकडापकडी. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये मुलांना रोज १५ मिनिटं नुसतं शाळेभोवती पळायला किंवा चालायला लावलं, त्यातून 'डेली माइल' ही जगभरची चळवळ झाली. संध्याकाळी वाडिया पार्क आहेच. रविवारी मॉलऐवजी चांदबीबीचा महाल चढा. मग दिवाळीच्या सुट्टीत टार्गेट ठेवा कळसूबाई, १६४६ मीटर! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर आहे आणि ते चढलेलं मूल शाळेत आठवडाभर फुशारकी मारतं. स्वतःच्या शरीराबद्दल अभिमान वाटायची ही संधी जाड मुलाला एरवी फार कमी मिळते.

आणि झोप! सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास हवी. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त आणि गोड खातं. चरकाने मोठ्या माणसाचा मेद झडायला जागरणही सांगितलंय, ते मुलांना लावू नका. रात्री साडेनऊला वाय-फाय बंद... हो, तुमचाही.

सोमवारपासून सुरू!

- मूल वाढतंय, म्हणून उपाशी ठेवू नका. बऱ्याच मुलांत वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी काम फत्ते.
- 'जाड्या', 'ढोल्या', 'मोटू' हे शब्द घरातून हद्दपार. लाडानेसुद्धा नको. चिडवलेलं मूल लपून खातं.
- वजन सगळ्यांनी करायचं, महिन्यातून एकदा. वहीत मांडायचं. शेरेबाजी नाही.
- महिन्यातून दोनदा कुणाकडे तरी जा: बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, नाहीतर सोसायटीतल्या चार घरांचा गट करा.
- बक्षीस म्हणून चॉकलेट नको. सायकल, पुस्तक, कळसूबाई!
- आजीला दोष देऊ नका, तिला हेड करा. डब्याचं खातं तिच्याकडे.

डॉक्टर गाठा, वाट बघू नका: मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसला, मूल झोपेत जोरात घोरत असेल, सारखी तहान आणि लघवी होत असेल, किंवा वजन वाढतंय पण उंची थांबलीये, तर ते नुसतं 'बाळसं' नाही. मानेचा तो पट्टा घासून जाणारा मळ नसतो. इन्सुलिनचं काम बिघडत चालल्याची ती खूण असू शकते.

जामखेडच्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी पोरांना काटा लावला तेव्हा त्यांच्याकडे ना अ‍ॅप होतं ना स्मार्टवॉच. त्यांच्याकडे होता दर आठवड्याला त्याच दारात जायचा चिवटपणा. आपल्याला तर दुसऱ्याच्या दारात जायचंही नाहीये. फक्त शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप थोडा लवकर मिटून, शूज चढवून, पोराला हाक मारायचीये... 'चल, खाली खेळायला!'